बोधचिन्हाचे उत्तरचरित्र

जगभर रोज छापल्या जाणाऱ्या, भिंतींवर रंगवल्या जाणाऱ्या, मुलांनी वहीच्या मागच्या पानावर गिरवलेल्या चिन्हांपैकी काही फार मोठी चिन्हे विद्यार्थ्यांच्या हातची आहेत. पाण्याच्या बाटलीच्या बुडाशी एकमेकांचा पाठलाग करणारे तीन बाण गॅरी अँडरसनने 1970 मध्ये काढले, तेव्हा तो सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातला 23 वर्षांचा विद्यार्थी होता. नाइकीच्या बुटावरचा बाकदार फटकारा, ज्याला स्वूश म्हणतात, 1971 मध्ये कॅरोलिन डेव्हिडसनने पोर्टलंड स्टेट विद्यापीठात ग्राफिक डिझाइन शिकत असताना काढला आणि त्याचे तिला 35 डॉलर मिळाले. दूरदर्शनचा डोळा देवाशिष भट्टाचार्य यांचा. सत्तरच्या दशकात ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, शिकत होते. आणि आज भाजीवाल्याच्या पाटीपासून रिझर्व्ह बँकेच्या नोटेपर्यंत दिसणारे ₹ हे चिन्ह डी. उदय कुमार यांनी पवईच्या आयआयटीत पीएच.डी. करत असताना तयार केले. 15 जुलै 2010 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ते मान्य केले. यांतले कोणीही तेव्हा नावाजलेले नव्हते, कोणामागे मोठी जाहिरात संस्था उभी नव्हती. तरी ही चिन्हे टिकली, आणि नामवंतांनी घसघशीत मानधन घेऊन काढलेली कित्येक चिन्हे आज फक्त पुस्तकांत उरली आहेत. असे का झाले, याचा विचार बोधचिन्हे शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या प्रत्येकाने करायला हवा. त्या विचारातून या विषयाचा इतिहास कसा वाचायचा, हेच बदलते.

आपल्या कला महाविद्यालयांत बोधचिन्हाचा प्रकल्प साधारण एकाच वाटेने जातो. आधी थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची रेखाटने, काढायची, त्यांतली दोनतीन निवडून संगणकावर पक्की करायची, लेटरहेड, व्हिजिटिंग कार्ड आणि पिशवीवर ती लावून दाखवायची, आणि सोबत एक मजकूर जोडायचा. त्या मजकुराला रॅशनल म्हणतात. निळा रंग विश्वासाचा, वर जाणारी रेघ प्रगतीची, वर्तुळ एकोप्याचे, हिरवे पान निसर्गाचे. ज्युरीसमोर चिन्हापेक्षा या मजकुरावरच जास्त वेळ चर्चा होते आणि गुणही बरेचसे त्याच्यावर ठरतात. या सगळ्यामागे एक गृहीतक आहे, ते असे की अर्थ हा डिझायनर चिन्हात भरतो आणि पाहणारा तो बाहेर काढून घेतो. मला हे गृहीतक मुळातच चुकीचे वाटते. चिन्ह कागदावर जन्मते तेव्हा त्याला आकार असतो, अर्थ जवळजवळ नसतो. बारशाला नाव ठेवले जाते आणि त्या नावाची पत पुढे माणूस वागण्याने कमावतो, तसेच चिन्हाचे आहे. अर्थ वापराने साठतो, वापरणारे लोक तो घडवतात, आणि तो बदलतोही. म्हणून बोधचिन्हांचा इतिहास शिकायचा तर डिझायनरच्या टेबलावर काय झाले एवढ्यावर थांबून चालत नाही. चिन्ह तिथून निघाल्यावर त्याचे काय झाले, हा त्या इतिहासाचा मोठा भाग आहे, आणि नेमका तोच आपल्या अभ्यासक्रमात सापडत नाही.

याचा एक उत्तम पुरावा मुंबईच्या बाजारातला आहे, आणि तो डिझाइनच्या पुस्तकांत क्वचितच भेटतो, कायद्याच्या पुस्तकांत मात्र हमखास भेटतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधून मुंबईला कापड आणि सूत येई. प्रत्येक गठ्ठ्यावर रंगीत छापील चिठ्ठी चिकटवलेली असे, तिला व्यापारात तिकीट म्हणत. त्यावर हत्ती, वाघ, देवदेवता असे काहीही असे. आर्चिबाल्ड ऑर युइंग अँड कंपनी ही स्कॉटिश पेढी टर्की रेड नावाच्या गडद लाल रंगाचे सूत पाठवी आणि तिच्या तिकिटावर दोन हत्ती होते. मुंबई आणि एडनच्या बाजारात ते सूत ‘बे हाथी’ याच नावाने मागितले जाई. पुढे जॉन्स्टन अँड कंपनी या दुसऱ्या पेढीनेही आपल्या सुतावर दोन हत्तींचे तिकीट लावले. पेढीचे नाव वेगळे, इतर तपशील वेगळे, शेजारी शेजारी ठेवली तर दोन्ही तिकिटे निराळी दिसणारी. खटला लंडनपर्यंत गेला आणि 1882 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ऑर युइंग यांच्या बाजूने निकाल दिला. इंग्रजी न वाचणारे गिऱ्हाईक पेढीचे नाव बघणार नाही, ते दोन हत्ती बघणार आणि फसणार, हा त्यामागचा विचार होता.

या खटल्यात माझ्या मते बोधचिन्हाचा सगळा सिद्धान्त येऊन गेला आहे. स्कॉटलंडमधल्या त्या पेढीने हत्ती निवडले ते माल हिंदुस्थानात खपायचा म्हणून. त्या हत्तींत सुताविषयी काहीच सांगितलेले नव्हते. टर्की रेड धुतल्यावर विटत नाही, हा अनुभव बायकांनी घरोघरी घेतला, दुकानदारांनी पुढच्या गिऱ्हाइकाला सांगितला, आणि ‘बे हाथी’ म्हणजे न विटणारा लाल असे समीकरण होत गेले. नाव गिऱ्हाइकाने ठेवले, अर्थ गिऱ्हाइकाने भरला. एका देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला समुद्रापलीकडच्या बाजारात लोक एखादे चित्र कसे वाचतात याची दखल घ्यावी लागली आणि तेच प्रमाण मानावे लागले. रंगसंगती, ठेवण, रेखाटनाची सफाई यांच्यापेक्षा तिथे एकच प्रश्न महत्त्वाचा ठरला, तो म्हणजे हे चित्र पाहून माणूस काय मागतो. आपल्याकडचा विद्यार्थी चिन्हांचा इतिहास बर्लिनपासून शिकायला लागतो. त्याच्या आजोबा-पणजोबांच्या बाजारात हा प्रश्न त्याआधीच सुटला होता, हे त्याला कोणी सांगत नाही याचे वाईट वाटते.

बर्लिनचे महत्त्व कमी आहे असे मी म्हणत नाही. 1907 मध्ये पीटर बेरेन्स हा एईजी या विद्युत उपकरणांच्या कंपनीचा कलाविषयक सल्लागार झाला, आणि एका कंपनीचा चेहरा एकाच विचाराने घडवण्याची सुरुवात तिथपासून मानतात. पण पुस्तकात त्या प्रकरणाशेजारी काय छापलेले असते? मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षटकोनांत बसवलेली ए, ई, जी ही तीन अक्षरे. विद्यार्थी ती पाहतो, षटकोन उतरवून घेतो आणि पुढे जातो. बेरेन्सने त्याच कंपनीच्या किटल्या आणि दिवे घडवले, पत्रके आणि जाहिराती आखल्या, 1909 ची टर्बाइन कारखान्याची इमारत बांधली. षटकोनाला वजन आले ते या सगळ्यामुळे. लंडनच्या भुयारी रेल्वेचे वर्तुळही तसेच. 1908 च्या सुमाराला तांबड्या तबकडीवर निळी आडवी पट्टी आली ती कसल्याही प्रतीकासाठी आलेली नव्हती. फलाटावर जाहिरातींची इतकी गर्दी झाली होती की स्टेशनचे नाव शोधावे लागे; ते नाव वेगळे उठून दिसावे एवढ्यासाठी ती तबकडी होती. पुढे त्या रेल्वेच्या फ्रँक पिकने अनेक वर्षे नेटाने तीच ठेवण सगळीकडे राखली, 1916 मध्ये एडवर्ड जॉन्स्टनने रेल्वेसाठी खास अक्षरे काढली, आणि उतरायचे ठिकाण शोधणाऱ्या लाखो डोळ्यांनी त्या तबकडीला लंडन शहराची खूण करून टाकले. एका व्यावहारिक अडचणीवरचा उपाय शहराचे प्रतीक झाला. प्रतीकच काढायचे म्हणून बसले असते, तर बहुधा टेम्स नदी आणि मुकुट निघाला असता.

अमेरिकन डिझायनर पॉल रँड यांच्याकडे वळले की हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. आयबीएमची अक्षरे त्यांची, यूपीएसचे जुने पार्सल त्यांचे, एबीसी वाहिनीचे वर्तुळ त्यांचे. बोधचिन्हाला अर्थ मिळतो तो त्यामागच्या वस्तूच्या गुणवत्तेतून, चिन्हातून वस्तूला गुणवत्ता येत नाही, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट या कंपनीसाठी 1986 मध्ये त्यांनी केलेल्या चिन्हाचे मानधन 1 लाख डॉलर होते. काळा घन, 28 अंशांनी कललेला, त्यावर दोन ओळींत चार अक्षरे. काम देखणे आहे, यात शंका नाही. त्याच्यासोबत रँड यांनी चिन्हामागचा विचार उलगडणारी एक पुस्तिकाही दिली होती. कंपनी मात्र बाजारात फारशी रुजली नाही, अखेर ती अॅपलने घेतली, आणि तो घन आता डिझाइनच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारसा कोणाला आठवत नाही. तिकडे 35 डॉलरचा स्वूश पाहून कंपनीचे फिल नाइट फारसे खूश झाले नव्हते. आवडला नाही, पण हळूहळू आवडेल, अशा अर्थाचे ते तेव्हा बोलले. अडीच दशकांतच कंपनीने चिन्हाशेजारचे आपले नावही काढून टाकले, कारण नुसता फटकारा पुरत होता. मधल्या काळात त्या बुटांनी शर्यती जिंकल्या होत्या, खेळाडू टीव्हीवर दिसले होते, गल्लीतल्या मुलांनी ते बूट हट्टाने मागितले होते. डेव्हिडसनच्या रेघेत हे काही आधीपासून नव्हते.

रँड यांच्या शेवटच्या कामांपैकी एक महाराष्ट्राला नीट ओळखीचे आहे, जरी ते रँड यांचे आहे हे फार थोड्यांना माहीत असेल. एन्रॉन कंपनीचे तिरके ई हे अक्षर त्यांनी 1996 मध्ये केले, त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे एन्रॉन हे नाव कोकणात घरोघरी पोहोचले होते आणि त्यावरून विधानसभेपासून गुहागरच्या गावांपर्यंत रणे माजली होती. डिसेंबर 2001 मध्ये हिशेबातल्या लबाड्या उघड होऊन कंपनीचे दिवाळे निघाले. तेव्हा अमेरिकेत लोक त्या चिन्हाला ‘वाकडा ई’ म्हणू लागले. अक्षराचा कल तोच होता. काल त्यात गती आणि उत्साह दिसत होता, आज त्याच कलात वाकडेपणा दिसू लागला. एकाही बिंदूची जागा न बदलता चिन्हाचा अर्थ उलटा झाला. रँड यांच्या हातून चूक झाली नव्हती. अर्थ डिझायनरच्या ताब्यात नसतो, एवढेच यातून सिद्ध होते.

इथे कोणीही समंजस वाचक विचारील, मग आकाराला काही किंमतच नाही का? अर्थ वापरातूनच यायचा असेल तर कोणीही काहीही काढावे, डिझाइन शिकायचे कशाला? या प्रश्नाला टाळून चालणार नाही, आणि त्याचे उत्तर ₹ या चिन्हाकडे जरा जवळून पाहिल्यावर मिळते. वर एक आडवी रेघ, तिच्याखाली दुसरी आडवी रेघ, मग पोटाची गोलाई आणि तिच्यातून उजवीकडे तिरपा उतरणारा पाय. देवनागरी र आणि रोमन आर या दोघांनाही तो पाय आहे, म्हणून एकच रेघ दोन्ही लिप्यांना पुरते. रोमन अक्षराचा उभा दांडा काढून टाकला आहे आणि त्याची उणीव भासत नाही. वरची रेघ शिरोरेषा होते. दोन रेघा आणि एक वळसा, म्हणजे तीन फटकाऱ्यांत चिन्ह पुरे होते, आणि ते काढताना हात कुठे अडत नाही. अधिकृत स्पष्टीकरणात दोन रेघांमधला पट्टा तिरंग्याची आठवण देतो, बरोबरीच्या चिन्हासारख्या त्या रेघा आर्थिक समतेकडे बोट दाखवतात, असेही सांगितले होते. मंडईत पाटीवर खडूने ‘₹ 40 किलो’ लिहिणाऱ्याला हे ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. त्याला ते चिन्ह घाईत, ओल्या हाताने, बोथट खडूने लिहिता येते आणि समोरच्याला दहा पावलांवरून वाचता येते. आकाराची किंमत ही इतकी मोठी आहे. अर्थ पेलण्याची ताकद आकारात असावी लागते. तो दुसऱ्यापासून वेगळा ओळखू यावा, लहान झाला तरी बुजू नये, वाईट छपाईतही तगावा, अनोळखी हातांनी गिरवला तरी तोच राहावा. हे घडवायला अक्षराची समज लागते, आणि र. कृ. जोशी यांच्यासारख्या सुलेखनकाराने जिथे शिकवले त्या पवईच्या आयआयटीतल्या डिझाइन केंद्रात तमिळ अक्षररचनेवर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याकडे ती होती. स्पर्धेत 3 हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या होत्या. राष्ट्रभक्तीचा भाव त्यांतल्या अनेकांत असणार. हाताला सोपे जाणारे वळण मात्र दुर्मीळच असते.

त्या चिन्हाचा पुढचा प्रवासही तितकाच शिकण्यासारखा आहे, कारण चिन्ह मंजूर झाल्याने ते लोकांच्या हाती पडत नाही. संगणकाच्या लेखी जुलै 2010 मध्ये हा आकार अस्तित्वातच नव्हता. ऑक्टोबरमध्ये युनिकोडने त्याला जागा दिली, पण प्रत्येक यंत्रावर तो दिसायला वेळ लागणार होता. मधल्या काळात एका खासगी कंपनीने 1 या अंकाच्या डावीकडच्या कळीवर, तिथल्या उलट्या स्वल्पविरामासारख्या खुणेच्या जागी, रुपयाचे चिन्ह बसवून फॉन्ट फुकट वाटला. लोकांनी तो उत्साहाने वापरला. ज्याच्या यंत्रात तो फॉन्ट नसे त्याला किमतीआधी ती मूळची खूणच दिसे, आणि कित्येक जाहिराती, दरपत्रके तशीच छापून गेली. मग हळूहळू भारतीय कळफलकावर 4 च्या कळीत त्याला हक्काची जागा मिळाली, 2011 पासून नाण्यांवर ते आले, नोटांवर आले. डिझाइनचा इतिहास लिहिताना हा भाग तळटीप म्हणून टाकण्याची रीत आहे. मला वाटते तो मजकुराच्या मध्यभागी हवा. चिन्ह राष्ट्राचे झाले ते कळफलकाच्या मानकाने, फॉन्ट करणाऱ्यांनी, टांकसाळीने आणि खडूने मिळून; मंत्रिमंडळाचा निर्णय ही फक्त त्याची पहिली पायरी होती.

याच चिन्हावरून माझ्या म्हणण्याला सर्वांत मोठे आव्हानही उभे राहते. मार्च 2025 मध्ये तमिळनाडू सरकारने आपल्या अर्थसंकल्पाच्या बोधचिन्हात ₹ ऐवजी तमिळ लिपीतले ‘रू’ हे अक्षर वापरले. चिन्हाची मांडणी देवनागरीवर आधारलेली आहे, म्हणजे त्यात अर्थ जन्मापासूनच होता, तो वापराने आलेला नाही, असा आक्षेप त्यावरून घेता येतो. आक्षेपात तथ्य आहे. कोणताही आकार कोऱ्या जगात उतरत नाही. त्याच्या आधी लिप्या असतात, ध्वज असतात, जुने हिशेब असतात. पण घटनाक्रम पाहा. चिन्ह 2010 पासून तेच आहे, ते काढणारा स्वतः तमिळ आहे, आणि त्याच सरकारने आधीच्या अर्थसंकल्पांच्या बोधचिन्हांत तेच ₹ वापरले होते. 2025 मध्ये त्रिभाषा सूत्रावरून केंद्राशी वाद पेटला आणि त्या रेघेतली देवनागरी एकाएकी ठळक झाली. आकारात सुप्त असलेला एक धागा परिस्थितीने ओढून वर काढला. याचा अर्थ डिझायनरची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. आपण घेतलेल्या रेघेत कोणकोणते जुने धागे आहेत, हे त्याला माहीत असले पाहिजे, आणि इतिहास शिकायचा तो याचसाठी. बहुभाषक देशात एका लिपीच्या खांद्यावर सगळ्यांचे चिन्ह उभे करताना हा प्रश्न 2010 मध्येच अधिक मोकळेपणाने चर्चेला यायला हवा होता, असे माझे मत आहे.

अँडरसनच्या तीन बाणांची कथा मला या सगळ्यांत सर्वांत अस्वस्थ करते. कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या खोकी बनवणाऱ्या कंपनीने पहिल्या वसुंधरा दिनाच्या सुमारास पुनर्वापराच्या कागदासाठी चिन्हाची स्पर्धा ठेवली होती. अँडरसनने मोबियस पट्टीवरून, म्हणजे आतली आणि बाहेरची बाजू एकच असलेल्या पिळदार पट्टीवरून, दुमडलेले बाण काढले. विचार सुंदर होता, आकार त्याहून सुंदर, आणि चिन्ह पुढे सार्वजनिक झाले, कोणीही वापरावे असे. 1988 मध्ये अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाने याच बाणांच्या त्रिकोणात 1 ते 7 हे आकडे बसवले. ते आकडे प्लॅस्टिकची जात सांगतात, वस्तूचा पुनर्वापर होतो असे त्यांनी कधीच सांगितले नव्हते. तुमच्या हातातली पाण्याची बाटली उलटी करून पाहा, बुडाशी छोट्या त्रिकोणात 1 दिसेल. श्रीखंडाच्या डब्याखाली बहुधा 5. लोकांनी बाण पाहिले आणि हे पुन्हा वापरात जाते असा अर्थ घेतला. तसा अर्थ घेणे स्वाभाविकच होते, कारण आधीच्या दोन दशकांत बाणांनी तोच अर्थ कमावला होता. कमावलेली पत दुसऱ्याने वापरली. 2013 मध्ये मानक बदलून बाणांऐवजी साधा त्रिकोण सांगितला गेला, 2021 मध्ये कॅलिफोर्नियाने बाणांच्या वापरावर कायद्याने बंधने घातली, पण तोपर्यंत एक पिढी त्या बाणांवर विश्वास ठेवून प्लॅस्टिक टाकत राहिली होती. बोधचिन्हाचा इतिहास केवळ सौंदर्याचा म्हणून शिकवला तर हा भाग विद्यार्थ्यापर्यंत कधीच पोहोचत नाही. चिन्हावर लोक विश्वास ठेवतात, आणि त्या विश्वासाची चोरी होऊ शकते, हे त्याला पहिल्याच वर्षी कळायला हवे.

दूरदर्शनचे उदाहरण त्या मानाने सुखाचे आहे. भट्टाचार्य यांनी एका वर्तुळाभोवती दोन बाक फिरवले होते, आणि एनआयडीतल्या विद्यार्थी व शिक्षकांच्या अनेक रचनांतून इंदिरा गांधींनी ते निवडले. त्यात डोळा पाहिला तो प्रेक्षकांनी. पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांनी बांधलेल्या धुनेसोबत ते बाक फिरत येऊन एकत्र बसत, आणि देशात दुसरी वाहिनी नसलेल्या त्या वर्षांत शेजाऱ्यांच्या घरी दाटीवाटीने बसलेली माणसे ते रोज पाहत. कोणतेही रॅशनल त्या संध्याकाळींची जागा घेऊ शकले नसते.

व्यवहारी शिक्षक म्हणतील की क्लायंटला स्पष्टीकरण लागतेच. पैसे देणारा माणूस ‘हे असेच का’ असे विचारणार, आणि उत्तर देता आले नाही तर काम हातचे जाणार. हे खरे आहे, स्वतः रँडही पुस्तिका देत. पण समजावून सांगणे हे विक्रीचे कौशल्य आहे. ते वेगळे शिकवावे, त्याला वेगळे गुण द्यावेत. चिन्हाची परीक्षा त्याने होत नाही. आणि रॅशनल लिहायचेच तर रेघेचे लिहावे. आयबीएमच्या अक्षरांना 1972 मध्ये आठ पट्ट्या आल्या त्यामागे अरुंद आय, मध्यम बी आणि रुंद एम यांना एका दावणीत बांधण्याची अडचण होती. अशी कारणे लिहिता येतात, तपासता येतात, त्यांवर वाद घालता येतो. निळा म्हणजे विश्वास, हे विधान मात्र तपासता येत नाही. जगातल्या कित्येक बँका निळ्या आहेत आणि बुडालेल्यांतही निळ्या होत्याच.

म्हणून अप्लाइड आर्ट आणि डिझाइनच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या सत्रात नवे बोधचिन्ह काढायला लावण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या गावातले एक जुने चिन्ह द्या. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या पेढीचे, सहकारी बँकेचे, दूध संघाचे, विडीच्या बंडलाचे, एखाद्या पक्षाचे निवडणूक चिन्हही चालेल. ते पहिल्यांदा कोणी काढले, ब्लॉक कोणी बनवला, भिंतीवर कोण रंगवत आले, फ्लेक्सवर जाताना त्यात काय बिघडले, लोक त्याला कोणत्या नावाने ओळखतात, ते पाहून काय मागतात, आणि कोणी त्याची नक्कल केली का, हे त्याने दुकानांत, छापखान्यांत आणि रंगाऱ्यांकडे जाऊन विचारावे आणि लिहून आणावे. त्या लिखाणाला अर्धे गुण द्या. उरलेले अर्धे, ते चिन्ह त्याला न पाहता, खडूने, एका दमात काढता येते का यावर द्या.